यजमान सापडत नाही

हीऊमा बेटावर तीन दिवस वादळ.
फेरी बंद, समुद्राखालची केबल तुटलेली,
आणि एम्मास्तेच्या वाचनालयातून हेल्वेचा फोन:
"तावेत, पासवर्ड बरोबर आहे रे.
तो घेतो. काळा होतो. खूप वेळ विचार करतो.
मग पुन्हा विचारतो, तुम्ही कोण?"

चुकीच्या पासवर्डाला तो लगेच फटकारतो.
हे तसं नव्हतं.
हे म्हणजे दार उघडायचं, कोट खुंटीला लावायचा,
आणि पाहुण्याला मागच्या दारानं
पुन्हा बर्फात आणून उभं करायचं.

मी ताल्लिनला, मुलीच्या तापानं अर्धा जागा.
"काय बदललंत?" सवयीनं विचारलं,
आणि विचारता विचारता आठवलं, मीच.

ऑक्टोबरात जिल्ह्याचा हुकूम आला होता:
यंत्रांना लाडाची नावं नकोत.
हेल्वेनं ठेवलेलं नाव कडाकस,
जुनिपर, बेटावर कुठंही उगवणारं, वाकलेलं, चिवट.
मी इथून, खुर्चीतून न उठता, नवं बारसं केलं:
एम्मास्ते-तीन.
एका फाइलीत लिहिलं. दुसरीत लिहायचं राहिलं.

दोन महिने कुणाला कळलं नाही.
तो बाहेर विचारायचा, हा एम्मास्ते-तीन कोण?
लांबचा कुठलासा सर्व्हर सांगायचा, अरे, तूच.
आता तो विचारत होता थेट समुद्राला,
आणि उत्तराची वाट बघत काळा पडत होता.
काखेत कळसा म्हणतात, खरं आहे,
पण काख कुठे असते
तेच मी त्याला सांगितलं नव्हतं.

"कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन. तिन्ही एकदम."
"चित्रं गेली," ती म्हणाली. "काळ्यावर नुसती अक्षरं."
या दारानं त्यानं तिला घेतलं,
रेंगाळत, पण घेतलं.
चित्रांच्या दाराला घराचंही नाव लागतं;
अक्षरांच्या दाराला माणसाचं पुरतं.

तिनं पहिली आज्ञा दिली आणि थांबली.
"हा म्हणतोय, यजमान सापडत नाही."
"म्हणू दे. काम करेल."

"माझ्या आजोबांचं असंच झालं होतं," ती म्हणाली.
फोनमध्ये वारा होता, तिला घाई नव्हती.
"पस्तीस साली श्टाइनमानचे किविमे झाले.
आपल्या भाषेतलं नाव घ्या, असं सगळे म्हणत होते तेव्हा.
चर्चच्या वहीत बदललं, गिरणीच्या वहीत नाही.
दोन हिवाळे श्टाइनमानचं पीठ पडून राहिलं
आणि किविमे रिकामी गोणी घेऊन परत येत राहिले.
पीठ होतं, माणूस होता.
मधली ओळ नव्हती."

मी काही बोललो नाही. मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलली.
मग आकडे सांगायला लागलो.
एकशे सत्तावीस. टिंब.
शून्य. टिंब.
एक. टिंब. एक.
ती एका बोटानं लिहिते.

"हा पत्ता कुठला?"
"घरचाच. या पत्त्याचं पत्र
घराबाहेर जातच नाही."
"बरं."
"आता थोडी जागा सोडा. मग नाव."
"कोणतं?"

हुकमातलं, मी म्हणालो. एम्मास्ते-तीन.
ते लिहून झाल्यावरही ती फोन धरून होती.
आणि नियमात बसतं का हे न बघता मी म्हणालो,
त्याच ओळीत पुढे जागा असते.
तिथे दुसरंही चालतं.

कळा ऐकू आल्या. मी मोजल्या.
क-डा-क-स त्यांच्या लिपीत सात अक्षरांचं आहे.
सात.

मग साठवणं, मग यंत्र बंद करून चालू,
मग तो लांबलचक मिनिट, ज्यात दोघंही
आपण काहीच बोलत नाही आहोत असं दाखवतो.
"काळा झाला," ती म्हणाली.
"थांबा."
"दीपस्तंभ आला. माझा दीपस्तंभ. आत आले."

आणि फोन न ठेवताच, दुसऱ्याच कुणाला,
बहुधा दारात बूट झटकणाऱ्या एखाद्या पोराला:
"ये, ये. पुस्तकं इथं ठेव.
नाव सांग."